तुमी हासले कोनाले?

२०१८ सालच्या दिवाळीतला पाडवा. ओवाळणे नुकतेच झाले होते. पत्नीच्या तबकात मी यथाशक्ती साडी घातली होती, आणि ती माझ्यापेक्षा तिलाच जास्त आवडली असावी अशी माझी समजूत होती. आमच्या शेगावच्या घरी पुढे चिवड्याच्या आणि करंज्यांच्या बश्या मांडून आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका चालू होती. प्रसंग रोजचाच. राधिका आपल्या नागपुरी बोलीत काहीतरी बोलली, समोरच्या शहरी माणसाने तोंड वाकडे केले, आणि मागून ते ठरावीक संगीत वाजले. त्या संगीताचा अर्थ 'मंडळी, आता हसा' असा असतो. मंडळी हसली. मीही हसलो. मी तर जरा मोठ्यानेच हसलो.

पत्नीने बशी खाली ठेवली आणि विचारले, "तुमी हासले कोनाले?"

"त्या टीव्हीतल्या बाईले," मी म्हणालो.

"ते तं माह्यावानीच बोलते," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला म्हणून आत निघून गेली.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी छापील मराठीत बोलली. "आपण जेवायला येता ना?" "आपला सदरा दोरीवर वाळत घातला आहे." वाचकहो, ज्याच्या घरात पंधरा वर्षे 'चाला जेवाले' एवढ्या दोन शब्दांवर संसार चालला आहे, त्याला 'आपण जेवायला येता ना' हे वाक्य काय करते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तिने भांडण केले नाही. तिने फक्त तिची भाषा काढून घेतली. आणि घर परक्याचे झाले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गावातल्या एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना शिकवणारा माणूस. चारदोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला लेखक म्हणतात. विनोदावर शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तिच्या त्या तीन शब्दांच्या प्रश्नाने मला इतकी वर्षे छळले आहे की या दिवाळीला तो चारचौघांत मांडल्यावाचून राहवत नाही. माझे म्हणणे एका ओळीत सांगतो. संसाराच्या विनोदात ज्याचा दोष, त्याचेच हसे झाले पाहिजे. आपल्या टीव्हीने हा न्याय उलटा केला आहे. दोष नवऱ्याचा असतो आणि हसे बायकोचे होते. आपण प्रेक्षक तो उलटा न्याय रोज जेवणाबरोबर गिळतो आणि ढेकर देतो.

कोणी म्हणेल, मास्तर, विनोद हा असाच असतो. बायकांची थट्टा पूर्वापार चालत आली आहे. मी म्हणतो, पूर्वापारचे नाव घेता तर पूर्वापार एकदा नीट पाहा.

आधुनिक मराठी विनोदाचे जनक म्हणून ज्यांना आपण मानतो ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) वकिली कोठे करीत होते? खामगावला आणि जळगाव-जामोदला. ही दोन्ही गावे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली. खामगाव तर शेगावपासून पाच कोसांवर. मराठी विनोदाचे हे झाड पुण्या-मुंबईच्या अंगणात नव्हे, आमच्या कापसाच्या मातीत वाढले. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे' मधला सुदामा आणि त्याचे ते बंडूनाना, पांडूतात्या काय करतात? गंभीर चेहऱ्याने जुन्या रूढींची वकिली करतात आणि वकिली करता करता स्वतःचीच पगडी उडवून घेतात. हसे होते ते मूर्खपणाचा कैवार घेणाऱ्याचे. त्या मूर्खपणाखाली जो भरडला जातो त्याचे नव्हे.

देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. भुजंगनाथ नावाचा थेरडा बोहल्यावर चढायला निघाला आहे. प्रेक्षक पोट धरधरून हसतात. कोणाला? त्या थेरड्याला, लग्नाची दलाली करणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला, पैशावर नजर ठेवून मुलीचा सौदा करणाऱ्या बापाला. शारदेला हसणारा प्रेक्षक त्या काळीही जन्माला आला नव्हता. पुढे १९१६ साली त्यांचेच 'संशयकल्लोळ' संगीत नाटक म्हणून आले. मूळ कथा फ्रान्सच्या मोलिएरची. पण फाल्गुनराव पाहताना तो परका आहे असे कोणाला वाटते? बायकोवर संशय घेणारा नवरा आणि नवऱ्यावर संशय घेणारी कृत्तिका. दोघेही सारखेच चुकलेले, म्हणून दोघेही सारखेच हास्यास्पद. शिवाय पडदा पडण्याच्या आत संशय फिटतो आणि दोघांच्या डोळ्यांत अंजन पडते. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली आले. त्यात विनोद भरपूर आहे. पण तो तळीरामाच्या आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाच्या वाट्याला आहे. नवरा दारूत बुडाला असताना सिंधूचा पदर धरून एकही हशा वसूल केलेला नाही. गडकऱ्यांसारख्या कोटीबाजाला ते जमले नसते असे का? जमले असते. त्यांनी केले नाही.

आणि चिमणराव! चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाइतका सदोष नायक मराठीत दुसरा कोण? बढाईखोर, भित्रा, आळशी, दुसऱ्याचे पाहून हुरळणारा आणि काऊपुढे हमखास फजीत होणारा. पण जोशींनी एक मोठी युक्ती केली. ती सगळी चऱ्हाटे त्यांनी चिमणरावाच्याच तोंडून वदवली. दोषी माणूस आपली बाजू मांडायला उभा राहतो आणि मांडता मांडता आपल्याच विरुद्ध साक्ष देऊन बसतो. काऊचे आणि त्याचे बिनसले तरी वाचकाला पक्के ठाऊक असते की घोडे कोठे पेंड खाते आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि १९७७ साली हाच चिमणराव त्याच्या पडद्यावर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. मराठी टीव्हीवरच्या विनोदी मालिकांची सुरुवात म्हणावी ती ही. म्हणजे टीव्हीला चांगले उदाहरण नव्हते असे नाही. उत्तम उदाहरण पहिल्याच पिढीत मिळाले होते. भागाच्या सुरुवातीला चिमणरावाने घोळ घालावा आणि भाग संपेपर्यंत त्याची फळे त्यानेच भोगावीत, हा त्या विनोदाचा हिशेब होता. रोजच्या रोज चुकता होणारा हिशेब.

आता 'माझ्या नवऱ्याची बायको' घेऊ. ही मालिका झी मराठीवर २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ साली संपली. मी निंदेला निघालो आहे, म्हणून स्तुती लपवून ठेवणार नाही. अनिता दाते मूळच्या नाशिककर. पण त्यांनी आमच्या बाजूची बोली अशी उचलली की आमच्या गल्लीतल्या बायांना ती आपलीच कोणी जाऊ-नणंद वाटली. 'काहून' आणि 'मले' हे शब्द त्यांनी रोज संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत पोहोचवले. नवऱ्याने टाकलेली राधिका मसाल्यांचा धंदा काढून उभी राहिली, तिने घटस्फोट घेतला, सौमित्रशी दुसरे लग्न केले. टाकलेल्या बाईने झुरत मरावे किंवा नवऱ्याच्या पायाशी परत यावे, या दोन वाटांखेरीज तिसरी वाट तिने दाखवली. हे ऋण मी मान्य करतो.

पण आता खटल्याकडे वळू. मी शाळेत व्याकरण शिकवतो. या मालिकेचे नाव मी फळ्यावर लिहून मनाशी चालवून पाहिले. 'माझ्या', षष्ठी. 'नवऱ्याची', षष्ठी. 'बायको', प्रथमा. मुलांना आम्ही शिकवतो की षष्ठी संबंध दाखवते आणि कर्त्याचा मान प्रथमेला. आता पाहा. लफडे केले नवऱ्याने. घर मोडले नवऱ्याने. आणि नावात तो बसला आहे षष्ठीच्या आड, दोन बायकांच्या मध्ये, अंग चोरून! प्रथमेत उभी आहे ती बायको. भांडण कोणाचे? दोन बायकांचे. नवरा म्हणजे जणू भांडणातली पितळेची कळशी; जी जिंकेल तिने उचलून न्यावी. गुरुनाथ सुभेदार या गृहस्थाने काय केले, हा प्रश्नच त्या नावाने गिळून टाकला.

नावात जे झाले तेच पुढे रोज झाले. गुरुनाथ बायकोला फसवतो. का? तर ती गावंढळ, तिचे बोलणे गावंढळ, तिचे राहणे गावंढळ; चारचौघांत तिला घेऊन मिरवता येत नाही. बरे, हे त्याचे म्हणणे. दोषी माणसाने आपल्या दोषाला असे काहीतरी कारण शोधावे हे स्वाभाविकच आहे. चिमणरावही शोधतो. पण चिमणरावाचे कारण ऐकून आपण चिमणरावाला हसतो. इथे मात्र राधिका बोलली की ते संगीत वाजते. म्हणजे नवऱ्याचे जे लंगडे समर्थन, तेच मालिकेच्या विनोदाचे भांडवल! गुरुनाथ म्हणतो, 'हिच्या बोलण्याची लाज वाटते', आणि मालिका आपल्याला रोज हसवून त्याच्या बाजूने साक्ष द्यायला लावते. मी त्या पाडव्याच्या संध्याकाळी साक्षीदार झालो होतो. माझ्या पत्नीने नेमके तेच ओळखले आणि मी मात्र करंजी चघळीत बसलो होतो.

यावर मालिकेचे कैवारी म्हणतात, 'अहो, पण शेवटी गुरुनाथाची फजिती होतेच ना? लेखकाला तो वाईटच दाखवायचा आहे.' लेखकाचा हेतू चांगला असेल. पण हेतू आणि परिणाम यांची गाठ प्रत्येक वेळी पडत नाही. अमेरिकेत १९७१ ते १९७९ या काळात 'ऑल इन द फॅमिली' नावाची एक विनोदी मालिका फार गाजली. तिचा नायक आर्ची बंकर. तोंडाळ, परक्या वर्णाच्या माणसांचा द्वेष करणारा, आपल्या साध्याभोळ्या बायकोला उठता-बसता गप्प बसवणारा. निर्माते नॉर्मन लिअर यांना त्याच्या द्वेषाची टर उडवायची होती. १९७४ साली विडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी तिच्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काय आढळले? ज्यांच्या मनात तो द्वेष आधीच होता, त्यांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. वादात तोच जिंकतो असे त्यांना दिसत होते! टर ज्यांची उडवायची तेच टाळ्या वाजवीत होते. एवढ्या कसलेल्या लेखणीचे जर असे होते, तर ज्या मालिकेत नवऱ्याच्या तिरस्कारालाच संगीताची साथ आहे तिचे काय होत असेल?

आणि 'शेवटी' म्हणजे केव्हा? मला हा शब्द फार खुपतो. चिमणरावाची फजिती त्याच भागात होई. फाल्गुनरावाचा संशय त्याच रात्री फिटे. गुरुनाथाचा न्याय मात्र जवळजवळ पाच वर्षे लांबला. का लांबला? रोजची मालिका म्हणजे रोज फिरणारा रहाट. नायक सुधारला तर रहाट थांबला. म्हणून त्याने चुकायचे, सापडायचे, माफी मागायची आणि पुन्हा चुकायचे. दोष हा नायकाचा रोजगार होऊन बसतो. पाच वर्षे ज्याच्या लबाडीची गंमत पाहिली त्याला शेवटच्या आठवड्यात शिक्षा झाली, म्हणून पाच वर्षांचे हसू पुसले जात नाही. वर्षभर कॉपी करू देऊन निकालाच्या दिवशी छडी मारणाऱ्या मास्तरासारखे ते झाले.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. राधिकेला मान कधी मिळाला? ती कोट्यवधींच्या कंपनीची मालकीण झाली तेव्हा! तिच्या 'मले' आणि 'तुले' ला तिजोरीचा आधार मिळाला, तेव्हा ते शब्द ऐकून माणसे उठून उभी राहू लागली. वाचायला छान वाटते. पण माझ्या शेजारच्या बाईची कोणती कंपनी आहे? जिचा नवरा पुण्याला नोकरीला आहे, आणि 'तुला तिकडे नेऊन काय करू, तोंड उघडले की माझी शोभा होते' असे जो तिला फोनवर सांगतो, तिने काय करावे? तिने आधी मसाल्याचा कारखाना काढावा आणि मग नवऱ्याकडून माणुसकी मागावी? बायकोला मान देण्यासाठी ती बायको आहे, माणूस आहे, एवढे पुरेसे नाही काय?

आणि ज्या बोलीची लाज वाटते ती बोली कोणाची, हेही एकदा सांगून टाकतो. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र'. तो तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पेढे वाटले आणि पुरावा म्हणून 'लीळाचरित्रा'चे नाव अभिमानाने घेतले. मराठी भाषेचे विद्यापीठही रिद्धपुरालाच स्थापन झाले आहे. म्हणजे सनद दाखवायची वेळ आली की वऱ्हाडची आठवण होते. आणि हसायची वेळ आली की वऱ्हाडची बाई पुढे केली जाते! आजीचे दागिने घालून मिरवायचे आणि आजी बोलली की तोंडाला पदर लावून हसायचे, असला हा प्रकार आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीच बोलते. तिचा नवरा महादेव म्हणजे दोषांचे गाठोडे; संसाराचा गाडा कौतिक एकटी ओढते. ती 'मले' म्हणाली म्हणून वाचकाला कधी हसू फुटले आहे काय? तोच शब्द, तीच माती, तसाच नवरा. फरक शब्दात नाही. लेखक कोणाच्या शेजारी उभा आहे त्यात आहे. आणि वऱ्हाडी बोलीत विनोदच करू नये असेही मी म्हणत नाही. अमरावतीचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या' मध्ये त्याच बोलीत बोलले आणि आम्ही गडाबडा लोळलो. कारण तिथे बोली हे त्यांचे हत्यार होते. ते दुसऱ्याची फिरकी घेत. पुरुषाच्या तोंडी जी बोली हत्यार होते, तीच बायकोच्या तोंडी व्यंग का व्हावी?

'मास्तर, थोडी गंमत आहे, इतके मनाला लावून घेऊ नये,' असा एक शेवटचा सल्ला नेहमी मिळतो. त्याला माझे उत्तर माझे नाही, कायद्याचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचार म्हणजे काय ते सांगितले आहे. त्यात केवळ मारहाण नाही. शाब्दिक आणि मानसिक छळही आहे, आणि त्या छळात अपमान आणि उपहास हे शब्द आहेत. उपहास, वाचकहो! घरात नवऱ्याने केला तर संसदेने ज्याला छळ म्हटले आहे, तोच पडद्यावर आला की आपण त्याला खुसखुशीत म्हणतो आणि मधल्या वेळात साबणाच्या जाहिराती पाहतो. पडद्यावरच्या पात्राला कायदा लावा असे मी म्हणत नाही. पण जे पाहून आपण हसतो ते काय आहे, एवढे तरी ओळखावे की नाही?

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. मालिका भरात होती तेव्हाची. तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, मले पानी पायजे." मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "राधिका!" सारा वर्ग हसला. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस ती पोर काहीही हवे असले की तोंड उघडीत नसे. नुसते बोट दाखवी. पाण्याच्या माठाकडे बोट. खिडकीकडे बोट. मी तिच्या वहीत 'मले' खोडून 'मला' करतो. ते मला करावेच लागते, परीक्षेची भाषा ती आहे. पण खोडणे निराळे आणि हसणे निराळे. खोडल्यावर मूल पुन्हा लिहिते. हसल्यावर मूल गप्प बसते. आणि ते ओरडणारे पोर तरी काय करील? घरी त्याने बाप हसताना पाहिला होता. कदाचित माझ्यासारखाच बाप. चांगला, सालस, पाडव्याला साडी घालणारा.

म्हणून माझे गाऱ्हाणे एकट्या मालिकावाल्यांवर नाही. मालिका बंद करा, जाळा, असल्या आरोळ्या मी ठोकणार नाही. चुकलेल्या नवऱ्याची गोष्ट जरूर सांगा. आपल्या घराघरांत तो आहे. त्याच्यावर मनसोक्त विनोद करा. तो हसण्यासारखाच आहे. पण लिहिणाऱ्यांनो, ते संगीत एकदा जागा बदलून वाजवा. बायको बोलते तेव्हा नको. बायकोच्या बोलण्याची लाज वाटून नवरा जेव्हा पाहुण्यांपुढे ओशाळा होतो, तेव्हा वाजवा. खरी गंमत तिथे आहे. ज्या माणसाची आई आयुष्यभर 'काहून रे' म्हणून हाक मारीत आली, तो माणूस साहेबांच्या बायकोपुढे 'काहून' ऐकून घामाघूम होतो, याहून हास्यास्पद दृश्य ते कोणते? देवलांनी ते सोडले नसते. चिं. वि. जोशींनी तर त्यावर चार प्रकरणे लिहिली असती, आणि ती त्या नवऱ्याच्याच तोंडून.

आणि प्रेक्षकहो, आपण नवरेमंडळी विशेषतः. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या बश्या घेऊन टीव्हीपुढे बसाल, तेव्हा हशा आल्यावर तो जरूर हसा. पण लगेच स्वतःला विचारा, मी हसलो कोणाला? ज्याने चूक केली त्याला, की जिने ती सोसली तिला? उत्तर दुसरे आले तर शेजारी कोण बसले आहे ते जरा वळून पाहा. ती हसत असेल तर ठीक. ती उठून चहा ठेवायला गेली असेल, तर चहा तिला करू देऊ नका.

माझे म्हणाल तर त्या दिवाळीत चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "माह्यं चुकलं. त्या बाईले हासाले नाई पायजे होतं." पत्नी भाकरी थापत होती. तिने वर पाहिले नाही. भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "उभे काहून रायले? चाला जेवाले."